तुतीची साल बांधावर जळते आहे आणि कागदाचा हौद भंगारात निघाला आहे

प्रति,
सातारा व सांगली जिल्ह्यांतील ग्रामोद्योग, कौशल्य प्रशिक्षण आणि रेशीम विकास यांचा कारभार पाहणारे अधिकारी,
तसेच दोन्ही जिल्ह्यांतील लोकप्रतिनिधी

विषय : हातकागद प्रशिक्षण केंद्र बंद करण्याचा निर्णय मागे घेणे आणि सालीपासून कागद करण्याच्या कामाला जागा व कच्चा माल मिळवून देणे

महोदय, महोदया,

अलीकडेच निघालेल्या एका आदेशाने आमच्या भागातील हातकागदाचे प्रशिक्षण केंद्र कायमचे बंद होणार आहे. तेथील बीटर म्हणजे लगदा करण्याचे यंत्र, पिळाचे दाबयंत्र, साचे आणि घोटण्याचे दगड यांचे निर्लेखन करून, म्हणजे ते निकामी ठरवून नोंदीतून काढून, ते भंगाराच्या भावाने लिलावात निघणार आहेत, हौद फोडला जाणार आहे आणि मोकळी झालेली शेड गोदामासाठी दिली जाणार आहे. आदेशात तीन कारणे दिली आहेत : प्रशिक्षणार्थी मिळत नाहीत, साहित्य कालबाह्य झाले आहे आणि या उद्योगाला लागणारा कच्चा माल जिल्ह्यात नाही. यांपैकी शेवटचे कारण वस्तुस्थितीला धरून नाही, मधले अर्धवट आहे आणि पहिले कारण केंद्र ज्या रीतीने चालवले गेले तिच्यातूनच उद्भवले आहे. केंद्राचे किंवा कार्यालयाचे नाव मी या पत्रात घेतलेले नाही, कारण माझे भांडण कोणा एका व्यक्तीशी नाही. निर्णय बदलता येतो, तो बदलला जावा, आणि तो का बदलायला हवा हे आपल्याबरोबर इथल्या लोकांनाही कळावे, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

मी वाईत पुस्तकबांधणीचे आणि जुन्या कागदांच्या दुरुस्तीचे काम करते. माझे वडील व्यापाऱ्यांच्या कीर्द-खतावण्या बांधत असत. लक्ष्मीपूजनाच्या आधीचे काही आठवडे आमच्या घरात लाल कापडाच्या वह्यांना जागा पुरत नसे. पुढे वह्यांची जागा संगणकाने घेतली आणि मी दुरुस्तीकडे वळले. वाई हे पोथ्यांचे गाव आहे. प्राज्ञपाठशाळेसारखी संस्था येथे आहे आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या पोथ्या जपून ठेवलेली घरेही आहेत. सातारा ही छत्रपतींची राजधानी, औंधला पंतप्रतिनिधींनी उभारलेले संग्रहालय, पलीकडे सांगली-मिरजेला पटवर्धन सरदारांच्या दफ्तरांचा वारसा. या साऱ्या मुलखात शेकडो वर्षे कागदावर लिहिले गेले, आणि त्यातले जे घराघरांत उरले आहे, म्हणजे बाडे, जन्मपत्रिका, देवस्थानांच्या सनदा, वाटणीपत्रे, ते माझ्यासारख्यांकडे दुरुस्तीला येते.

या कामात एक गोष्ट रोज समोर येते. दोनशे वर्षांपूर्वीचा मोडी कागद कडांना कुरतडलेला, ओल लागलेला असला तरी बहुधा घडीवर तुटत नाही; साठ वर्षांपूर्वीच्या गिरणी कागदावरचा दाखला मात्र उलगडताच चुरतो. कारण साधे आहे. जुना कागद चिंध्या, ताग, अंबाडी, जुने दोर यांच्या लांब तंतूंचा असे, त्याला पिष्टाची खळ दिलेली असे, तो दगडाने घोटलेला असे आणि त्यावर काजळीची शाई असे. गिरणीचा कागद लाकडाच्या आखूड तंतूंचा, आणि त्याला तुरटी-राळेची पुटे दिल्याने त्यात आम्ल राहते, जे वर्षानुवर्षे कागदाला आतून खात जाते. अशा कागदाला आधार द्यायचा तर मागून अतिशय पातळ पण चिवट कागद गव्हाच्या खळीने चिकटवावा लागतो. तो कागद लांब तंतूचाच हवा, आणि आज असा कागद आम्ही जपानहून किंवा नेपाळहून आलेला विकत घेतो. हे दोन्ही कागद झाडांच्या सालीचे आहेत.

म्हणजे सातारच्या गादीची सनद सांधायला क्योतोच्या बाजारातून किंवा काठमांडूच्या व्यापाऱ्याकडून साल आणायची, आणि इथे ज्या सालीचा तसाच कागद होऊ शकतो ती बांधावर पेटवून द्यायची. माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार हीच आहे.

मी तुतीविषयी बोलते आहे. दोन्ही जिल्ह्यांत रेशीम शेती वाढावी म्हणून आपलेच विभाग झटत आहेत. रोजगार हमी योजनेतून तुती लागवडीला साहाय्य मिळते, महारेशीम अभियानात शेतकऱ्यांची नोंदणी होते. रेशीमकिड्यांना आता सुटी पाने तोडून घालण्याऐवजी फांद्याच कापून घातल्या जातात. अळ्या पाने खातात आणि फांद्या उरतात. वर्षातून अनेक वेळा बाग छाटली जाते आणि प्रत्येक पिकानंतर संगोपनगृहाबाहेर या काड्यांचा ढीग साचतो. काही शेतकरी त्या कुजवून खत करतात, काही चुलीला वापरतात, बरेच जण जाळून टाकतात. त्या प्रत्येक काडीवर, बाहेरच्या तपकिरी सालपटाच्या आत, पांढरट हिरव्या रंगाची एक चिवट पट्टी असते. जगात निदान हजार वर्षे तिचा कागद होत आला आहे. तेराव्या शतकात कुब्लाई खानाच्या राज्यात तुतीच्या आतल्या सालीच्या कागदाचे चलन चालत होते, हे मार्को पोलोने लिहून ठेवले आहे. उझबेकिस्तानात समरकंदजवळच्या कोनीगिल गावी आज पुन्हा पाणचक्कीवर तुतीची साल कुटून कागद केला जातो, आणि चीनच्या होतान भागात उइगुर कारागीर तो करतात. हे प्रदेशही रेशमाचेच आहेत. ‘जिल्ह्यात कच्चा माल नाही’ हे वाक्य ज्यांनी आदेशात लिहिले, त्यांनी शेजारच्या रेशीम कार्यालयात एकदा विचारले असते तरी ते लिहिता आले नसते.

मी हे ऐकीव सांगत नाही. जे केंद्र आता बंद होत आहे, त्याच केंद्रात, तिथल्या एका वयस्क कारागिरांच्या मदतीने, आम्ही तुतीच्या सालीचा कागद करून पाहिला. काम कसे होते ते सविस्तर लिहिते, कारण निर्णय घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते पाहिले असावे. ताज्या काडीची साल हाताने सहज सुटते. काडी वाळली असेल तर वाफ द्यावी लागते. सोललेली साल भिजवून बाहेरचे तपकिरी कवच बोथट सुरीने खरवडायचे. उरलेली पांढरी साल धुण्याच्या सोड्याच्या किंवा राखेच्या निवळीच्या पाण्यात काही तास शिजवायची, ती इतकी की दोन बोटांनी ओढताच तंतू आडवे सुटावेत. मग भरपूर पाण्यात धुवायची आणि एकेक काळा ठिपका, एकेक गाठ हाताने वेचून काढायची. हे काम सर्वांत किचकट आहे आणि कागदाची प्रत येथेच ठरते. त्यानंतर दगडी फरशीवर लाकडी मोगरीने कुटायचे. तंतू तोडायचे नसतात, फुलवायचे असतात. चिमूटभर लगदा काचेच्या भांड्यातल्या पाण्यात टाकून ढवळला आणि तंतू गुठळी न होता सुटे तरंगले, की तो हौदात घालायचा.

हौदातल्या पाण्यात लांब तंतू लवकर तळाशी बसतात आणि एकमेकांत गुंततात. जपानी कारागीर त्यासाठी भेंडीच्या जातकुळीतल्या एका झाडाच्या मुळाचा चिकट रस पाण्यात मिसळतात. आमच्या कराड-सांगलीच्या गुऱ्हाळांवर उसाच्या रसातली मळी वर काढण्यासाठी भेंडीच्या झाडाचा चीक पूर्वापार वापरला जातो. तोच चीक आम्ही हौदात घातला आणि त्याने काम दिले. साच्यावरून उचललेला ओला ताव टेकवण्यासाठी लोकरीचे जाड कापड लागते. त्यासाठी माणदेशातल्या घोंगडीचे तुकडे वापरले. तावांची थप्पी दाबयंत्राखाली पिळून घेतली, एकेक ताव गुळगुळीत फळीवर ब्रशने बसवून वाळवला, काहींना खळ लावून दगडाने घोटले. जो कागद हाती आला तो किंचित पिवळसर आहे, उजेडासमोर धरला की त्यातले तंतू दिसतात, आणि घडी घालून, उलटी घालून, पुन्हा घालूनही तो तुटत नाही. एका जुन्या पंचांगाच्या फाटक्या पानाला मी त्याचाच आधार दिला आहे.

या सगळ्यात परदेशातून काय आणावे लागले? काहीही नाही. साल शेतकऱ्याकडची, चीक गुऱ्हाळावरचा, घोंगडी धनगराची, पाणी कृष्णेच्या खोऱ्यातले. म्हणूनच केंद्र बंद होण्याचे दुःख मला अधिक आहे. ते बंद होते आहे ते नेमके या कामाला सुरुवात झाल्यावर.

आता साहित्य कालबाह्य झाल्याविषयी. केंद्रातील हॉलंडर पद्धतीचा बीटर जुना आहे आणि त्याच्या रुळावरची पाती बोथट झाली आहेत, हे खरे आहे. सुती चिंध्यांचा लगदा करायला ती पाती धारदार लागतात. परंतु सालीच्या तंतूंना धारदार पाती नकोच असतात, कारण ती तंतू कापून आखूड करतात आणि मग सालीच्या कागदाचा जो गुण आहे तोच नाहीसा होतो. बोथट रुळाखाली तंतू चेपला जाऊन फुलतो. निर्लेखनाच्या टिपणीत ज्या दोषामुळे हे यंत्र निकामी ठरवले गेले, तो सालीच्या कामात दोष नाही. हे जाणणारे माणूस पाहणीच्या वेळी सोबत नव्हते. पिळाचे दाबयंत्र तर उत्तम स्थितीत आहे आणि तसे ओतीव लोखंडाचे यंत्र आज नव्याने घडवून घ्यायचे झाल्यास भंगाराच्या भावाच्या कितीतरी पट खर्च येईल. साच्यांवरच्या जाळ्या बदलायला हव्यात; तो खर्च किरकोळ आहे.

प्रशिक्षणार्थी मिळत नाहीत, हे कारण वाचून मला विशेष वाईट वाटले. गेल्या काही वर्षांत केंद्राच्या प्रशिक्षणातून कागद करणे हळूहळू काढूनच टाकले गेले होते. यादीत ‘कागदी वस्तू’ असा एकच मथळा ठेवला गेला आणि त्याखाली यंत्रावर दाबलेले द्रोण, पत्रावळी, पिशव्या आणि फायलींची वेष्टणे आली. या वस्तू करणाऱ्या बहिणींच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. पण तयार कागद आणून तो दाबणे आणि झाडाच्या सालीपासून ताव उचलणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, आणि दुसरे काम थोड्या दिवसांत शिकता येत नाही. साचा हौदात कोणत्या कोनात घालायचा, वर उचलताना किती हलवायचा, पाणी कधी सांडू द्यायचे, हे हाताला कळायला काही महिने लागतात. तेवढ्या मुदतीचे प्रशिक्षण कधी ठेवलेच नाही, विद्यावेतन दिले नाही, आणि शिकल्यावर माल कोण घेणार याचे उत्तर कोणाकडे नव्हते. अशा वेळी मजुरी बुडवून कोण येणार होते?

ही शिकवणारी माणसेही आपल्या मुलखात आहेत, आणि त्यांच्याकडे कोणी पाहिलेले नाही, ही माझी पुढची तक्रार आहे. सातारा-सांगलीत सालीच्या कागदाची जुनी परंपरा होती, असे म्हणण्यास माझ्याकडे आधार नाही आणि मी तसे म्हणत नाही. महाराष्ट्रातला जुना कागद जुन्नरचा आणि दौलताबादजवळच्या कागदीपुऱ्याचा. तो कागदी समाजाच्या मुस्लिम कारागिरांनी घडवला आणि मराठेशाहीचा कारभार त्यावर लिहिला गेला. परंतु साल ओळखणे, ती योग्य ऋतूत काढणे, कुजवणे, तिचा वाख म्हणजे तंतू वेगळा करणे, हे ज्ञान आमच्याकडे दोर वळणाऱ्यांकडे होते. कासरे, चऱ्हाटे, मोटेचे नाडे, बैलांच्या वेसणी ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वळल्या त्या मातंग समाजातील वयस्क कारागिरांना अंबाडी, ताग, घायपात, केवण, आपटा यांतल्या प्रत्येक तंतूचा स्वभाव माहीत आहे. नायलॉनचा दोर आला आणि त्यांचे काम गेले. तुतीची काडी मी त्यांच्यापैकी एका आजोबांच्या हातात दिली, तेव्हा त्यांनी ती नखाने चिरून पाहिली आणि साल कोणत्या दिवसांत अखंड उतरेल, पाण्यात किती ठेवल्यास सडेल, हे लगेच सांगितले. त्यांचे म्हणणे आम्हाला पुढे बरोबर आढळले. अशा माणसाला शासकीय प्रशिक्षणात ‘तज्ज्ञ’ म्हणून मानधन देता येत नाही, कारण त्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही. हा नियम बदलायला हवा.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुंभार आहेत, टोपल्या-चटया-झाडू करणारे आणि काथ्या विणणारे आहेत, मासेमारीची जाळी विणणारेही आहेत. हाताने कागद करणारा त्यात नाही, आणि पुस्तक बांधणाराही नाही. ही यादी जिल्ह्यात ठरत नाही हे मी जाणते. पण ती वाढवावी असा प्रस्ताव इथून जाऊ शकतो आणि तो कधी गेल्याचे ऐकिवात नाही.

इतरांनी काय केले हे पाहिले तर आपण किती थोडक्यावर अडलो आहोत ते दिसते. नेपाळमध्ये लोकता नावाच्या डोंगरी झुडपाच्या सालीचा कागद होतो. हे झुडूप जमिनीलगत कापले की मुळापासून पुन्हा फुटते. तिथले सरकारी दस्तऐवज पूर्वापार त्या कागदावर होत, पुढे गिरणीच्या कागदाने तो मागे पडला, आणि १९८० नंतरच्या दशकात युनिसेफच्या शुभेच्छापत्रांसाठी त्याची खरेदी सुरू झाल्यावर तो पुन्हा उभा राहिला. खरेदीदार मिळाला म्हणून कारागीर परतले. अरुणाचल प्रदेशात तवांगच्या मोनपा लोकांचा ‘मोन शुगु’ कागदही त्याच कुळातल्या झुडपाच्या सालीचा. बौद्ध धर्मग्रंथ त्यावर लिहिले जात. तो जवळजवळ संपला होता, तेव्हा खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये तवांगला त्याचे केंद्र सुरू केले. ज्या खात्याच्या छत्राखाली तवांगला नवे केंद्र उघडते, त्याच क्षेत्रातले आमचे केंद्र बंद का व्हावे, याचे उत्तर मला हवे आहे. जपानने आपल्या तीन गावांची सालीपासून कागद करण्याची कला २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत नेली. महाराष्ट्राला तर इतके दूर जायचीही गरज नाही : १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत हातकागदाला ग्रामोद्योगात मानाचे स्थान दिले, पुण्याची हातकागद संस्था १९४० पासूनची आहे, आणि गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांच्या नावाची राष्ट्रीय हातकागद संस्था जयपूरजवळ सांगानेरला आहे. तुतीच्या सालीची चाचणी करून द्यायला सक्षम अशा संस्था देशात असताना आमच्या जिल्ह्यातून एक नमुनाही तिकडे गेलेला नाही.

मेक्सिकोचे उदाहरण मात्र मी सावधगिरीसाठी देते. पुएब्ला प्रांतातल्या सान पाब्लितो गावचे ओतोमी आदिवासी अंजिराच्या जातीच्या झाडांची साल उकळून, तिच्या पट्ट्या फळीवर आडव्या-उभ्या मांडून दगडाने ठोकतात आणि त्याचा ‘अमाते’ कागद होतो. त्यातून कापलेल्या आकृती ते आपल्या देवकार्यात वापरतात. स्पॅनिश राज्यकर्त्यांनी या कागदाला धार्मिक कारणावरून बंदी केली, तरी डोंगरातल्या या लोकांनी तो टिकवला. १९६० च्या दशकात त्यावरच्या चित्रांना पर्यटकांची मागणी आली, उत्पादन फार वाढले आणि आसपासच्या जंगलातली झाडे सालीसाठी इतकी सोलली गेली की साल दुरून आणण्याची वेळ आली. शतकांच्या बंदीने जे झाले नाही ते बेसुमार खरेदीने होऊ घातले. म्हणून मी आरंभीच स्पष्ट लिहिते : सह्याद्रीतल्या एकाही रानझाडाची साल या कामासाठी काढली जाऊ नये. महाबळेश्वरच्या पठारावर वाढणारा रामेठा हा लोकताच्याच कुळातला आहे आणि त्याची साल चिवट आहे, हे समजल्यावर काही उत्साही मंडळींनी तो तोडून आणण्याची भाषा माझ्यासमोर केली होती. कासचे पठार २०१२ पासून जागतिक वारशाचा भाग आहे, कोयना आणि चांदोली मिळून व्याघ्र प्रकल्प आहे. या डोंगरांवर कोयता घेऊन जाणाऱ्या कोणत्याही कागद-योजनेला माझा विरोध राहील. तुतीची गोष्ट वेगळी आहे. ती शेतात लावलेली आहे, तिची छाटणी नाहीतरी होतेच, आणि आपण घेतो ती फक्त उरलेली काडी.

पाण्याचाही प्रश्न आहे, आणि तो मी लपवणार नाही. साल शिजवलेले पाणी क्षारयुक्त आणि गडद असते. ते तसेच ओढ्यात सोडता कामा नये. केंद्रात त्यासाठी निवळण टाकी बांधावी लागेल. राखेच्या किंवा सौम्य सोड्याच्या पाण्यावर काम भागते, कॉस्टिक सोड्याची गरज नाही, आणि रंगविरंजन करायचेच नाही, एवढी अट ठेवली तर हा भार आटोक्यात राहतो.

आणखी एक गोष्ट शासनाच्या स्वतःच्या हिताची आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्यभर जुनी दफ्तरे उघडली गेली, मोडी वाचणाऱ्यांना शोधून आणले गेले, आणि अनेकांनी आयुष्यात प्रथमच आपल्या गावचे शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे कागद पाहिले. त्या कागदांची स्थिती काय आहे हे आपण जाणता. कित्येक पानांवर चिकटपट्ट्या लावलेल्या आहेत. त्यांचा गोंद कालांतराने पिवळा पडून अक्षरांसकट कागदात झिरपतो. काहींना प्लास्टिकचे आवरण तापवून चढवले आहे, जे आता काढताच येत नाही. ही दुरुस्ती नाही, नासधूस आहे, भले ती चांगल्या हेतूने झाली असो. दोन जिल्ह्यांच्या अभिलेख कक्षांना पुढची अनेक वर्षे लागेल इतका दुरुस्तीचा कागद तुतीच्या काड्यांतून निघू शकतो, आणि तो करणारे हात इथेच रोजगार मिळवू शकतात. कागदाला गिऱ्हाईक नाही असे म्हणणाऱ्या शासनापाशीच सर्वांत मोठे गिऱ्हाईक आहे. दिवाळीचे आकाशकंदील, लग्नपत्रिका, वह्या, चित्रकारांचे ताव ही बाजारपेठ त्यानंतरची. सालीच्या कागदातून दिव्याचा उजेड फार सुंदर दिसतो, हे मात्र मी सांगितल्याशिवाय राहत नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत. निर्लेखन आणि लिलाव तात्काळ थांबवावा, आणि केंद्रातील प्रत्येक यंत्राची पाहणी हातकागदाचे प्रत्यक्ष काम जाणणाऱ्या व्यक्तीला सोबत घेऊन पुन्हा करावी. शेड दुसऱ्या कामाला देऊ नये. अर्धी शेड गोदामाला देणे अपरिहार्यच असेल, तर हौद, दाबयंत्र आणि वाळवणाची जागा राखून मगच द्यावी. प्रशिक्षणाच्या यादीत हातकागद हा ‘कागदी वस्तूं’पासून वेगळा विषय करावा, त्यात साल सोलण्यापासून घोटण्यापर्यंतचे निदान सहा महिन्यांचे शिक्षण विद्यावेतनासह असावे, आणि दोर वळणाऱ्या वयस्क कारागिरांना प्रमाणपत्राच्या अटीविना मानधन देऊन शिकवण्यास बोलवावे.

रेशीम विभागाने इच्छुक शेतकऱ्यांची यादी करून पिकानंतरच्या ताज्या काड्या किंवा सोललेली साल ठरलेल्या दराने केंद्रापर्यंत पोहोचण्याची व्यवस्था करावी. साल सोलण्याचे काम शेतावरच होऊ शकते आणि त्याची मजुरी गावातल्या बायकांना मिळू शकते. तो दर सोलणाऱ्याच्या दिवसभराच्या मजुरीला परवडेल असाच असावा, नाहीतर साल पुन्हा चुलीत जाईल आणि ते योग्यच होईल. तुतीच्या कागदाचे नमुने पुणे आणि सांगानेर येथील संस्थांकडे चाचणीसाठी पाठवावेत आणि त्यांचे अहवाल लोकांसाठी खुले करावेत, मग ते अनुकूल असोत वा प्रतिकूल. चाचणीत हा कागद अभिलेखांच्या दुरुस्तीला योग्य ठरला, तर दोन्ही जिल्ह्यांच्या अभिलेख कक्षांनी तो केंद्राकडून विकत घ्यावा. जिल्हास्तरावरची सन्मानपत्रे आणि प्रमाणपत्रे चाचणीची वाट न पाहताही या कागदावर देता येतील.

रानातील झाडांची साल घेण्यास केंद्राच्या नियमांतच मनाई असावी. आणि विश्वकर्मा योजनेत हाताने कागद करणारे व पुस्तक बांधणारे यांचा समावेश व्हावा, असा ठराव लोकप्रतिनिधींनी पुढे न्यावा, ही त्यांना वेगळी विनंती आहे.

लिलावाची जाहिरात निघण्यापूर्वी या पत्राला लेखी उत्तर मिळावे, अशी माझी अपेक्षा आहे. उत्तर नकारार्थी असेल तर त्यामागची कारणे आणि पाहणीची टिपणी माहितीसाठी खुली करावी. तुतीच्या सालीच्या कागदाचे ताव मी आपण सांगाल त्या दिवशी कार्यालयात आणून देईन. त्यावर लिहून पाहावे, तो दुमडून आणि ओढून पाहावा, शेजारी गिरणीचा कागद ठेवून तोही तसाच पाहावा, आणि मग केंद्राविषयीचा निर्णय घ्यावा.

आपली विश्वासू,
जुन्या पोथ्या व कागदपत्रांची दुरुस्ती करणारी एक पुस्तकबांधणी कारागीर
वाई, जि. सातारा